मूत्रनलिकेची कथा

कांहीं दुखणीं अशीं असतात कीं, तीं चारचौघांत सांगावयास मनुष्य लाजतो. उतारवयांत पुरुषांची लघवी तुंबते, तें दुखणें ह्यांपैकींच एक. त्यांतून सोडविणाऱ्या एका नळीचा इतिहास आज सांगावयाचा आहे.

पुरुषाचा मूत्रमार्ग सुमारें आठ इंच लांब व वांकणें घेणारा असतो. ताठ नळी त्यांत शिरतांना पीडा होते, ती ह्यामुळेंच. इ. स. ७९ मध्यें गाडल्या गेलेल्या पाँपेई नगरांत पुरुषांसाठीं मुद्दाम वांकविलेल्या कांशाच्या नळ्या सांपडल्या आहेत. आपल्या सुश्रुतसंहितेंत मूत्राची वाट अडली असतां तूप माखलेली नळी घालावी, व दर तीन दिवसांनीं ती अधिक जाड घ्यावी, असें सांगितलें आहे. स्निग्धता आणि धीर हीं दोन सूत्रें तेथेंच आलीं.

१७५२ सालीं बेंजामिन फ्रँकलिन ह्यांचा बंधु जॉन मूत्राशयाच्या विकारानें त्रस्त होता. फ्रँकलिन ह्यांनीं चांदीकाम करणाऱ्याच्या दुकानीं स्वतः बसून लवचिक नळी करवून घेतली व ती भावाकडे धाडली. १८३९ मध्यें गुडइयर ह्यांनीं रबर टिकाऊ करण्याची युक्ति शोधली. पुढें फ्रान्समध्यें नेलातों ह्यांनीं मऊ रबरी नळी प्रचारांत आणली. १९३० नंतरच्या दशकांत अमेरिकन शल्यवैद्य फोली ह्यांनीं टोंकाशीं फुगा असलेली नळी रूढ केली, आणि ती मूत्राशयांत आपोआप टिकून राहूं लागली.

परंतु सोयीबरोबर संकटहि आलें. नळीचें दुसरें टोंक उघड्या भांड्यांत सोडीत. त्या वाटेनें जंतु वर चढत. १९६० नंतर बंद पिशवीची पद्धति सर्वत्र पसरली, तेव्हां हा धोका पुष्कळ कमी झाला. १९७२ सालीं मिशिगन विद्यापीठाच्या लॅपिडिस ह्यांनीं तर, रोग्यानें हात स्वच्छ धुवून दिवसांतून ठराविक वेळां नळी स्वतःच घालावी व काढावी, असें प्रतिपादिलें.

ह्या साऱ्या इतिहासाचा बोध साधा आहे. नळीला भरपूर वंगण असावें. अडल्यास जोर करूं नये. लघवी वाहूं लागून नळी आंत पुरेशी गेल्याची खात्री झाल्याविना फुगा फुगवूं नये. पिशवी मूत्राशयाच्या पातळीखालीं टांगावी, आणि गरज संपतांच नळी काढावी.

नळी मऊ झाली, हात स्वच्छ झाले. आतां उरली ती आपली लाज. घरांतील वडील माणूस रात्रभर तळमळत असेल, तर सकाळची वाट न पाहतां त्यांस डॉक्टरांकडे न्यावें, एवढीच विनंति.