गुऱ्हाळावरचं इंजिन आणि मापाचा मेस्त्री

निपाणी म्हटलं की तंबाखू आणि बेळगाव म्हटलं की कुंदा, एवढंच बाहेरच्यांना आठवतं. पण आपल्या सीमाभागाचं लोखंडाशीही जुनं नातं आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांचा जन्म 1869 साली बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचा. सायकलच्या दुकानापासून लोखंडी नांगरापर्यंतची त्यांची वाटचाल बेळगावातच झाली. नगरपालिकेनं जागा सोडायला लावली, तेव्हा औंध संस्थानानं जागा दिली आणि 1910 साली किर्लोस्करवाडी उभी राहिली. पुढे 1946 साली पुण्यात किर्लोस्कर ऑइल इंजिन्स सुरू झाली. बेळगावातून बाहेर पडलेलं नाव असं डिझेल इंजिनावर बसून पुन्हा आपल्या बांधावर आलं.

त्याआधी विहिरीवर मोट होती आणि गुऱ्हाळावर बैलांचा चरक. इंजिन आल्यावर वेदगंगा-दूधगंगेच्या काठचा ऊस वाढला. पुष्कळ घरांत एकच इंजिन दोन्ही कामं करायचं. उन्हाळ्यात पंपाला पाणी ओढायचं आणि दिवाळीनंतर पट्टा चढवून चरक फिरवायचं. घरात एखादं माणूस असावं तसा त्याचा मान. दसऱ्याला बैलगाडीआधी त्याला हार पडायचा.

पण काही हंगाम झाले की इंजिन धूर टाकायला लागायचं, ऑइल प्यायचं, हँडल मारून मारून खांदे भरून यायचे. मग इंजिनाचं काम निघायचं. बोअर, पिस्टन, रिंगा, क्रँक, बेअरिंग, सगळं उतरवायचं. बेळगावकर उद्यमबागेत जायचे आणि निपाणीकर सुमारे 40 किलोमीटरवरच्या कोल्हापूरला, शिवाजी उद्यमनगरात. 1 नोव्हेंबर 1956 ला आपण म्हैसूर राज्यात गेलो, मध्ये राज्याची हद्द आली. तरी क्रँक घासायची वाट काही बदलली नाही.

घाई असली किंवा पैसा कमी असला, तर लोक जवळच्या लहान गॅरेजात काम टाकायचे. त्यातले कित्येक मेस्त्री हाताचे चोख होते. पण सगळेच नव्हते. वाईट काम पहिल्या दिवशी कळत नाही, ही त्यातली खरी अडचण. नवीन रिंगा घातलेलं इंजिन सुरुवातीला गोडच वाजतं.

सत्तरच्या दशकातल्या एका हंगामात आमच्या घरी हेच घडलं. इंजिन काम करून आणलं, चरकाला जोडलं, आठवडाभर नीट चाललं. मग एका दुपारी भर आदणात आवाज जड झाला आणि इंजिन जाग्यावर धरलं. हँडल हलेना. काहिलीत रस उकळतोय, तोडलेला ऊस ढिगानं पडलाय आणि मागे तीन घरांची पाळी लागलेली. तोडलेला ऊस ठेवला की आंबायला लागतो, आणि आंबट रसाचा गूळ घट्ट बसत नाही, रंगही जातो. म्हणजे इंजिन आमचं बसलं, पण वर्षाचा गूळ शेजाऱ्यांचाही जाणार होता.

गॅरेजवाल्याचं उत्तर ठरलेलं. "पाणी कमी सोडलं असणार तुम्ही." आबांनी वाद घातला नाही. भावकीतल्या एकाकडे बैलांचा जुना चरक पडून होता, तो रातोरात मांडला. चार दिवस आळीपाळीनं सगळ्यांचे बैल फिरले आणि तोडलेला ऊस निभावला. इंजिन मात्र गाडीत घालून उद्यमनगरातल्या एका वयस्कर मेस्त्रींकडे नेलं.

त्यांनी हेड काढलं, पिस्टन बाहेर ओढला आणि लायनरवरचे उभे ओरखडे दाखवले. म्हणाले, "आबा, पिस्टन घट्ट बसवलाय. गार असताना फिरतंय, तापलं की धरतंय." ॲल्युमिनियम तापल्यावर बिडापेक्षा जवळजवळ दुप्पट फुगतं. म्हणून पिस्टन आणि लायनरमध्ये काही थाउची फट ठेवावीच लागते. एक थाउ म्हणजे इंचाचा हजारावा भाग, केसाहूनही बारीक. ती फट मायक्रोमीटरनं मोजायची असते, बोटानं चाचपून नाही. मग त्यांनी तळातलं ऑइल चिमटीत धरून आबांच्या बोटांवर चोळलं. कचकच लागली. बोअर केल्यावर भाग नीट धुतलाच नव्हता. ती पूड ऑइलबरोबर बेअरिंगात गेली होती. क्रँक पुन्हा घासावी लागली आणि एक साईज पुढचं, म्हणजे आणखी 10 थाउ बारीक झालेल्या क्रँकला बसणारं बेअरिंग घालावं लागलं. क्रँकचं तेवढं आयुष्य कायमचं गेलं.

खर्च दुप्पट झाला. पण त्या वर्षापासून आमच्या भावकीत रीतच पडली. काम टाकतानाच मेस्त्रीकडून मापं कागदावर घ्यायची. जुने सुटे भाग परत मागायचे. इंजिन घरी आलं की आधी हलक्या भारावर चालवायचं, पहिलं ऑइल लवकर बदलायचं, आणि गरम असताना बंद करून हातानं फिरवून बघायचं. मुख्य म्हणजे हंगामाच्या तोंडावर काम काढायचं नाही, पावसाळ्यातच उरकायचं. शिकलेली माणसं थोडी होती, पण 'थाउ' हा शब्द बायकांच्याही तोंडी आला होता.

नंतर विजेच्या मोटारी आल्या. ऊस संकेश्वरच्या हिरण्यकेशी आणि निपाणीच्या हालसिद्धनाथ कारखान्याला जाऊ लागला आणि गुऱ्हाळं कमी झाली. इंजिनं गोठ्याच्या कोपऱ्यात गेली, काही भंगारात. बेळगावच्या फाउंड्र्यांत मात्र आजही इंजिनांचे ब्लॉक ओतले जातात. आपल्यातल्या अनेक घरांची मुलं तिथं मापाचंच काम करतात. त्यांच्या आज्यांनी कधीकाळी केसाहून बारीक फटीपायी अख्खा हंगाम जाता जाता वाचवला होता, हे त्यांना सांगायला हवं.

तुमच्याकडे कोणतं इंजिन होतं, त्याचं काम कोण करायचं? घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा आणि खाली लिहा. चांगल्या मेस्त्रींच्या आठवणी आधी येऊ द्या.