हाडांची साक्ष

अमेरिकेतील इस्पितळांच्या तातडीच्या विभागात तेच अर्भक पुनःपुन्हा आणले जाई, आणि ‘पाळण्यातून पडले’ ही पालकांची कैफियत प्रत्येक खेपेस विनातक्रार दफ्तरी दाखल होई. परंतु १९४६ साली न्यूयॉर्कचे डॉ. जॉन कॅफी यांनी ज्या ६ अर्भकांचा वृत्तान्त प्रसिद्ध केला, त्यांच्या क्ष-किरणचित्रांत जुने, सांधत आलेले अस्थिभंग आणि ताजे अस्थिभंग शेजारी शेजारी दिसत होते. जन्मदात्यांचाच हात उठला असेल हे वैद्यांच्या मनाला मानवेना. ही दुर्बलता समजण्याजोगी असली, तरी क्षम्य खचित नव्हे. अखेर १९६२ साली डेन्व्हरचे डॉ. हेन्री केम्प व त्यांचे सहकारी यांनी हा छळ उघडपणे मांडला, आणि अवघ्या पाच वर्षांत जवळजवळ प्रत्येक राज्याने असा संशय सरकारदरबारी कळविणे वैद्यांवर बंधनकारक केले.