जपानमधील मराठी समाज
जपानमधील मराठी समाज : शिक्षण व नोकरीनिमित्त जपानमध्ये राहणारा मराठीभाषक समुदाय.

कोबे व योकोहामा येथील जुन्या भारतीय वसाहती प्रामुख्याने सिंधी-गुजराती व्यापाऱ्यांच्या. मराठी वस्ती मुख्यतः २००० च्या सुमारास संगणक अभियंत्यांच्या आगमनाने वाढली. टोकियोच्या एदोगावा प्रभागातील निशीकासाई भागात भारतीय कुटुंबे एकवटली. कारण तेथून तोझाई मार्गाने ओतेमाची या वित्तकेंद्रापर्यंत थेट रेल्वे आहे. शिवाय तेथील सार्वजनिक गृहसंकुलांत जामीनदाराची अट नसे, ही परक्यांसाठी मोठीच सवलत.

कचऱ्याचे वर्गीकरण, तो टाकण्याचे ठरलेले वार आणि रेल्वेडब्यातील शांतता नवागतांना लवकर शिकावी लागते. दारात पादत्राणे काढण्याची रीत मात्र ओळखीची. शाकाहाऱ्यांची अडचण मांसापेक्षा दाशीची : मिसो सूप, नूडल्सचा रस्सा, भाज्या यांत सुक्या माशांचा हा अर्क बहुधा असतो. अपवाद बौद्ध मठांतील शाकाहारी स्वयंपाक, शोजिन र्‍योरी (पहा : जपानी आहार). गणेशोत्सव टोकियो मराठी मंडळासारख्या संस्था भाड्याच्या सभागृहात करतात. मुले भारतीय किंवा जपानी शाळांत शिकतात.

महाराष्ट्रातून गेलेले व जपानी नागरिकत्व घेतलेले योगेंद्र पुराणिक २०१९ मध्ये एदोगावा प्रभाग सभेवर निवडून आले. जपानमध्ये निवडणूक जिंकणारे ते भारतीय वंशाचे पहिले उमेदवार मानले जातात (पहा : टोकियो, स्थलांतर).