घोडा काळा कुणामुळे?

मुंबईच्या एस्प्लनेड रोडची जुनी छायाचित्रं चाळली, की उंच चौथऱ्यावरचा घोडेस्वार हमखास भेटतो. हा प्रिन्स ऑफ वेल्स, पुढे सातवा एडवर्ड म्हणून गादीवर आलेला. 1875 साली तो मुंबईत येऊन गेला; त्याची आठवण म्हणून अल्बर्ट ससून यांनी जोसेफ बोम यांच्याकडून हा ब्राँझचा पुतळा करवून शहराला दिला. अनावरण 1879 चं. पण पाठीवर भावी राजा असताना लोकांनी नाव ठेवलं घोड्याचं, तेही रंगावरून: काळा घोडा!

सरधोपट उत्तर असं, की ब्राँझ काळवंडतं. मग भायखळ्याच्या पुतळ्यातले कर्सेटजी माणेकजीही धातूचेच. ते 'काळा पारशी' न होता 'खडा पारशी' कसे झाले?

दुसरं उत्तर ऐकायला गोड आहे: परक्या राजपुत्राला लोकांनी मुद्दाम वगळलं. मला ते पटत नाही. याच शहरातल्या लोकांनी कॉर्नवॉलिस या इंग्रजाच्या घुमटाखालच्या पुतळ्याला फुलं वाहिली, त्या जागेला 'छोटं देऊळ' म्हटलं.

माझा संशय राजपुत्राच्या आईवर आहे. फ्लोरा फाउंटनच्या बाजूला 1872 पासून व्हिक्टोरिया राणी बसली होती. बडोद्याच्या खंडेराव गायकवाडांनी दिलेली, शुभ्र संगमरवरातली. कॉर्नवॉलिसही संगमरवरी. फोर्टात वावरणाऱ्याला पुतळा म्हणजे पांढरा अशी सवय जडलेली, त्यात हा काळा येऊन उभा राहिला. भायखळ्यात पांढऱ्यांची अशी सोबत नव्हती, म्हणून तिथं रंगाऐवजी उभं राहणं नजरेत भरलं. 1896 साली दामोदर चापेकरांनी राणीच्या पुतळ्याला फासायला डांबर निवडलं, तेही मी त्या पांढरेपणाच्याच खात्यावर मांडतो. स्वार नावातून गळाला त्याचं कारण चौथऱ्याची उंची. रस्त्यावरून मान वर केली, की आधी दिसतात पाय आणि पोट, दोन्ही घोड्याची.

1965 साली स्वारी भायखळ्याला राणीच्या बागेत गेली. लगतच्या भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात राणीचा पुतळाही आहे. माझ्या तर्काचे दोन्ही साक्षीदार शेजारी आले. 2017 साली जुन्या ठिकाणी नवा घोडा बसवला, तो स्वाराविना. राजपुत्राची उणीव कुणाला भासली नाही. लोकांनी ठेवलेल्या नावात त्याला जागा कधी नव्हतीच.