अफूची गोळी आणि अर्धा तास

लोअर परळ स्टेशनातून बाहेर पडलं की ना. म. जोशी मार्ग लागतो. आजूबाजूला काचेची ऑफिसं, जिथे आधी कापड गिरण्या होत्या. हे नाव आपण रोज कॅबच्या ॲपमध्ये टाकतो. पण हे जोशी कोण, हे मलाही परवापर्यंत माहीत नव्हतं.

शोधायचं कारण वेगळंच. आमच्या टीममधली एक ताई बाळंतपणाच्या रजेवरून परतली आणि दूध काढायला तिला स्टेशनरीची खोली मिळाली. कडी नसलेली! मग ती दाराला खुर्ची लावून बसायची. दोन स्टँडअप चुकले, तर कुजबुज सुरू.

आता शंभर वर्षं मागे जाऊ. गिरण्यांत बायका मुख्यतः वाइंडिंग आणि रीलिंग खात्यात असायच्या. 1922 च्या फॅक्टरी कायद्याने कामाची मर्यादा ठरवली, तीही दिवसाला 11 तास. तान्हं बाळ चाळीतल्या खोलीत. ते रडू नये म्हणून अफूची बाळगोळी द्यायची. डॉ. बार्न्स नावाच्या बाईंना सरकारने या कामगार बायकांची पाहणी करायला नेमलं होतं. त्यांनी 1922 मध्ये लिहिलं की अशा बायकांच्या 98 टक्के तान्ह्या मुलांना अफू दिली जाते. आया क्रूर होत्या म्हणून नाही हो, पाजायला जवळ कुणी नव्हतं म्हणून.

आणि दूध म्हणजे टाकीत साठवलेलं पाणी नाही. बाळ जितकं ओढेल तितकं बनतं. छातीत दूध तुंबून राहिलं की शरीर समजतं, मागणी कमी झाली, आणि पान्हा आटत जातो. म्हणजे कामावर मधला अर्धा तास मिळाला नाही, की काही आठवड्यांत घरचं पाजणंही अवघड होतं.

हा अर्धा तास 1919 मध्येच कागदावर आला होता. वॉशिंग्टनच्या पहिल्या आंतरराष्ट्रीय कामगार परिषदेत ठरलं की पाजणाऱ्या आईला कामाच्या वेळेत दिवसातून दोनदा अर्धा तास मिळावा. तिथे भारतीय कामगारांचे प्रतिनिधी होते, बरोबर, ना. म. जोशी. भारताने तो करार कधीच मंजूर केला नाही. जोशींनी 1924 मध्ये मध्यवर्ती कायदेमंडळात बाळंतपणाच्या भत्त्याचं विधेयक आणलं, तेही पडलं.

मग मुंबई प्रांताने मनावर घेतलं. 1928 मध्ये कायदेमंडळात डॉ. आंबेडकर या विधेयकाच्या बाजूने बोलले. आईला विश्रांती मिळण्यात देशाचंच हित आहे आणि मालकालाही तिच्या कामाचा फायदा होतो, असा त्यांचा मुद्दा. 1929 मध्ये कायदा झाला. भत्ता मिळाला, काही आठवडे रजा मिळाली, पण पाजण्याच्या सुट्टीचं काय? ती देशाच्या कायद्यात आली थेट 1961 मध्ये: मूल 15 महिन्यांचं होईपर्यंत रोज दोन सुट्ट्या. म्हणजे वॉशिंग्टननंतर 42 वर्षांनी!

2017 च्या दुरुस्तीने रजा 26 आठवडे केली आणि 50 किंवा जास्त कर्मचारी असतील तिथे पाळणाघर सक्तीचं केलं. आईला दिवसातून चार वेळा तिथे जायची मुभाही दिली. पण पाळणाघर इमारतीतच हवं, असं नाही. आणि ठाण्याहून लोकलने तान्हं बाळ घेऊन कोण येणार? म्हणून पंप, म्हणून ती खोली. दूध काढायच्या खोलीबद्दल त्या कायद्यात एक ओळही नाही.

ताईच्या खोलीला कडी बसली, बरं का. फॅसिलिटीवाल्यांना तीन तिकिटं टाकल्यावर.