डोपामीन : प्रौढांच्या एडीएचडीमधील कार्य

मेंदूतील चेतापेशींमध्ये संदेश पोचवणारे रसायन. काम सुरू करण्याची ओढ, त्यात टिकून राहणे आणि उशिरा मिळणाऱ्या फळासाठी धीर धरणे यांच्याशी त्याचा निकटचा संबंध आहे. एडीएचडी म्हणजे अवधानन्यूनता व अतिचंचलतेचा विकार. तो अनेकांना मोठेपणीही सोडत नाही. अशा प्रौढांच्या मेंदूत ‘डोपामीन कमी असते’ हे विधान सर्रास केले जाते, पण पुरावा इतका सरळ नाही. 1999 मध्ये अशा सहा प्रौढांच्या तपासणीत डोपामीन पेशीत परत खेचणारे वाहक-प्रथिन सुमारे 70 टक्के जास्त आढळले. 2009 मध्ये संशोधक नोरा व्होल्काव व सहकाऱ्यांनी औषध न घेणाऱ्या 53 प्रौढांची 44 निरोगी व्यक्तींशी पेट स्कॅनने तुलना केली, तेव्हा तेच प्रथिन आणि डोपामीनचा संदेश टिपणारे ग्राही सरासरीने कमी भरले. या विसंगतीचा एक धागा 2013 च्या अभ्यासात सापडतो: एडीएचडीवरचे औषध मिथिलफेनिडेट वर्षभर घेतल्यावर हे प्रथिन सुमारे 24 टक्के वाढले होते. म्हणजे मोजमापात आजाराइतकीच औषधाचीही छाप असू शकते. शिवाय हे फरक गटांच्या सरासरीतले आहेत. निरोगी आणि रुग्ण यांचे आकडे एकमेकांत मिसळतात. एका माणसाचे निदान स्कॅनने वा रक्ततपासणीने होत नाही.

डोपामीन वाढवणारे औषध गुणकारी ठरते, त्याअर्थी कमतरता होतीच, असा आक्षेप घेतला जातो. पण मिथिलफेनिडेट निरोगी माणसाच्या मेंदूतही डोपामीन वाढवते. चहाने तरतरी आली म्हणून शरीरात चहा कमी पडला होता असे ठरत नाही. गुण येणे ही मोलाचीच गोष्ट आहे, मात्र तो कारणाचा पुरावा नव्हे.

स्कॅन आणि औषधाचा गुण दोन्ही निदानाला पुरत नाहीत, म्हणून निदानाचा मुख्य भार पूर्वेतिहासावर येतो, आणि ऊसतोड मजुरांच्या बीड जिल्ह्यात नेमका तिथेच पेच पडतो. 2013 च्या अमेरिकी निकषांनुसार काही लक्षणे वयाच्या बाराव्या वर्षाआधीची असावी लागतात. पण दिवाळीच्या सुमारास आईबापांबरोबर ऊसतोडीला जाणाऱ्या मुलाचे निम्मे शालेय वर्ष फडावर सरते. त्याच्या चंचलतेची नोंद घेणार कोण? पुढे कोयता हाती आल्यावर पहाटेची तोड व रात्रीची गाडीभरणी यांत झोप मोडते, आणि अपुरी झोप, व्यसन वा नैराश्य यांनीही लक्ष असेच विस्कटते. शाळेचा दाखला नाही म्हणून विकार नाकारणे अन्यायाचे होईल; थकव्याला विकार ठरवणे तितकेच घातक. अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात असो वा अन्यत्र, अशा रुग्णाच्या आईला, थोरल्या भावंडांना आणि टोळीतल्या सोबत्यांना सविस्तर विचारणे आणि हंगामाबाहेरचे, झोप पुरी झालेल्या दिवसांतले वागणे वेगळे पाहणे ही खरी तपासणी आहे.