मेली बिल्डसाठी मुख्य स्किल कोणतं घ्यावं?

अ‍ॅक्शन आरपीजी गेममध्ये जवळ जाऊन लढणाऱ्या पात्राला 'मेली' म्हणतात. हातात तलवार, कुऱ्हाड, गदा, कधी नुसत्या मुठी. या पात्राची घडण एका स्किलभोवती होते: मुख्यतः ज्यानं शत्रू मारायचे, ते. शस्त्र, चिलखत, पॅसिव्ह पॉइंट सगळं त्याच्या मागून येतं, म्हणून चुकलेली निवड महाग पडते. २००० साली आलेल्या 'डायब्लो २'मध्ये एकदा वाटलेले पॉइंट परत घ्यायची सोयच नव्हती. ती २०१० च्या १.१३ पॅचनं दिली. तोवर बिल्ड फसली की नवं पात्र काढायचं, दुसरा इलाज नाही. २०२३ च्या 'डायब्लो ४'मध्ये सोनं मोजून पॉइंट परत मिळतात.

त्यातलाच बार्बेरियन पाहा. 'बेसिक' स्किलनं फ्युरी साठते, 'कोअर' स्किल ती खर्च करतं. व्हर्लविंड म्हणजे गरगर फिरत, चालता चालता कापत जाणं. घोळक्यात याला तोड नाही. मात्र फिरताना फ्युरी ओसरत राहते आणि ती भरून काढायची व्यवस्था नसेल, तर पात्र ऐन गर्दीत रिकाम्या हातानं उभं राहतं. हॅमर ऑफ द एन्शंट्स याच्या उलट: घाव एकच, पण जबर. बॉससमोर कामाचा, फक्त तो घालेपर्यंत जागा सोडता येत नाही, आणि नवखे नेमके तिथेच मरतात. रेंडनं रक्तस्राव होतो. घाव घालून बाजूला सरकलं तरी शत्रूचं नुकसान चालूच राहतं, त्यामुळे जपून खेळणाऱ्याला ते बरं.

शस्त्रही आधी पाहावं. 'पाथ ऑफ एक्झाइल'मधला ग्राउंड स्लॅम तलवारीनं मारताच येत नाही. मग कितीही भारी तलवार मिळो, ती पेटीत पडून राहते. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सच्या 'राजी'त (२०२०) हा पेच नाही. तो अ‍ॅक्शन-अ‍ॅडव्हेंचर आहे. त्रिशूळ सोडून तलवार-ढाल लढता लढता घेता येते. मेलीचा हात बसवायला तो चांगला.

हार्डकोअर मोडचं गणित वेगळं. तिथे पात्र मेलं की कायमचं मेलं, आणि 'डायब्लो ४'ला सतत इंटरनेट लागतं. राजोडीत भर पावसात वीज जाऊन राउटर बंद पडला, तर घोळक्याच्या मधोमध असलेलं पात्र धोक्यात येतं. अशा खेळाडूनं थोडं कमी नुकसान करणारं, पण मारून लगेच मागे हटू देणारं स्किल घ्यावं.